जन्मठेप नेमकी किती वर्षांची?

खुनाच्या खटल्याचा निकाल लागतो, टीव्हीवर 'आरोपीला जन्मठेप' अशी पट्टी सरकते आणि घरातलं कुणीतरी लगेच हिशेब मांडतं, "म्हणजे चौदा वर्षं. वागणूक चांगली ठेवली की त्याआधीच बाहेर." शेजारी बसलेला त्यात भर घालतो, "तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे मोजतात. चौदाची सातच होतात." हा हिशेब आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की तो कायद्याच्या पुस्तकातच छापलेला असावा असं वाटतं.

तो तिथे नाही. दिवस आणि रात्र वेगळे मोजणारा कुठलाही नियम भारतात नाही. जन्मठेप चौदा वर्षांची असते, असंही कोणत्याच कलमात म्हटलेलं नाही. तरी या समजुतीमागची अस्वस्थता खरी आहे. एखाद्याने कुणाच्या जिवावर घाला घातला, तो तुरुंगात गेला, सुटून आला आणि पुन्हा तसंच केलं, की लोक विचारतात, हा बाहेर आलाच कसा? मग मागणी होते, शिक्षा वाढवा, सूट बंद करा. ही मागणी ऐकून आपल्याकडे कायदे बदलले आहेत, परदेशातही बदलले आहेत. त्या बदलांतले कुठले कामाला आले आणि कुठले अंगाशी आले हे पाहायचं, तर आधी कैद्याच्या सुटकेची तारीख ठरते कशी हे समजून घ्यायला हवं.

सुनावलेली शिक्षा, भोगलेली शिक्षा

नोकरीच्या पत्रावर पगाराचा एक आकडा असतो आणि महिनाअखेर हातात पडते ती रक्कम वेगळी असते. मधल्या वजावटी कळल्या की फरकाचा उलगडा होतो. शिक्षेचंही तसंच आहे. न्यायाधीश निकालपत्रात लिहितात तो पत्रावरचा आकडा. कैदी गजाआड प्रत्यक्ष घालवतो तो काळ म्हणजे हातात पडणारी रक्कम. मधे चार गोष्टी घडतात.

पहिली, खटल्यादरम्यानचा तुरुंगवास. जामीन न मिळालेला आरोपी, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत कच्चा कैदी, निकालाआधीच काही महिने किंवा वर्षं आत काढतो. पुढे मुदतीची शिक्षा झाली तर हा काळ तिच्यातून वजा होतो. ही मेहेरबानी नव्हे. तो तुरुंगवास त्याने खरोखरच भोगलेला असतो.

दुसरी, शिक्षा एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ. एकाच खटल्यात तीन गुन्हे सिद्ध झाले आणि सात, पाच व तीन वर्षांच्या शिक्षा झाल्या असं समजा. न्यायालयाने 'एकत्र' म्हटलं तर सात वर्षं आणि 'एकापाठोपाठ' म्हटलं तर पंधरा. एका शब्दाने शिक्षा दुपटीहून जास्त होते. अशा बेरजेची कमाल मर्यादा फौजदारी प्रक्रिया संहितेत १४ वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती २० वर्षांवर नेली. या बदलाची चर्चा फारशी झाली नाही, पण एकाच खटल्यात अनेक गुन्हे सिद्ध झालेल्या माणसाची शिक्षा त्याने चांगलीच लांबू शकते.

तिसरी, माफी. तुरुंगाच्या नियमांप्रमाणे शिस्तीने वागणाऱ्या आणि नेमलेलं काम करणाऱ्या कैद्याच्या खात्यावर दर महिन्याला काही दिवस जमा होतात आणि तेवढे दिवस त्याच्या शिक्षेतून कमी होतात. शिस्त मोडली तर जमा झालेले दिवस कापलेही जातात. हजारो माणसं कोंडलेल्या जागी काठीशिवाय शिस्त राखण्याचं हे तुरुंग प्रशासनाच्या हातातलं मोठं साधन आहे. माफी सरसकट बंद करा असं म्हणताना हे लक्षात घ्यायला हवं.

चौथी, रजा. महाराष्ट्रात तिचे दोन प्रकार आहेत. संचित रजा म्हणजे फर्लो. दीर्घ शिक्षेच्या कैद्याचा घराशी धागा तुटू नये म्हणून ती ठरावीक काळाने मिळू शकते आणि ते दिवस शिक्षेतच धरले जातात. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. घरातलं आजारपण किंवा मृत्यू अशा निकडीसाठी ती असते आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. गोव्यातल्या एका प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. जन्मठेपेत सुटकेआधी लागणारा चौदा वर्षांचा प्रत्यक्ष कारावास (त्याबद्दल पुढे) मोजताना पॅरोलवर बाहेर काढलेले दिवस वगळायचे.

आता हिशेब मांडून पाहू. दहा वर्षांची शिक्षा झाली. खटल्याच्या काळात दोन वर्षं आत गेली होती, उरली आठ. कामाची आणि वागणुकीची माफी दीड वर्षाची झाली, उरली साडेसहा. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात 'दहा वर्षं' वाचलेल्या माणसाला साडेसहा वर्षांनी तो कैदी गावात दिसतो आणि काहीतरी काळंबेरं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक पायरी नियमाने झालेली असते. निकालाच्या दिवशी ती कुणी समजावून सांगितलेली नसते, एवढंच.

मग चौदा आला कुठून?

दहातून दीड वजा होतात. 'आयुष्यभर' यातून दीड वर्ष कसं वजा करणार? जन्मठेपेचा सगळा गोंधळ इथे सुरू होतो.

१९५५ च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या दंड संहितेत जन्मठेपेच्या जागी काळ्या पाण्याची शिक्षा होती. तिचे तुकडे करायची वेळ आली, उदाहरणार्थ गुन्ह्याच्या नुसत्या प्रयत्नाला निम्मी शिक्षा द्यायची असली, तर हिशेबापुरती ती वीस वर्षांची धरावी अशी तरतूद होती. तीच पुढे जन्मठेपेला लागू झाली आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. त्यामुळे वीस वर्षं भरली की जन्मठेप संपली, असा अनेकांचा समज झाला.

या समजुतीची कसोटी लागली ती महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात. महात्मा गांधींच्या खुनाच्या खटल्यात १९४९ साली शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात दावा केला की, तुरुंगात काढलेला काळ आणि मिळालेली माफी मिळून आपली वीस वर्षं भरली आहेत, तेव्हा आपल्याला सोडावं. जानेवारी १९६१ मध्ये न्यायालयाने हा दावा फेटाळला. जन्मठेप म्हणजे कैद्याच्या उरलेल्या आयुष्याइतकी शिक्षा. तुरुंगाच्या वहीत जमा झालेल्या माफीने ती आपोआप संपत नाही. सरकारने रीतसर निर्णय घेऊन उरलेली शिक्षा माफ केली तरच सुटका. आजही कायदा हाच आहे.

म्हणजे जन्मठेपेच्या कैद्याला सुटकेचा हक्क नसतो. सुटकेचा विचार व्हावा एवढंच तो मागू शकतो. हा विचार किती वर्षांनी करायचा, हे पूर्वी ज्या त्या राज्यावर होतं आणि काही ठिकाणी खुनाचे कैदी फारच लवकर सुटू लागले. त्याला आळा घालायला संसदेने १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला किंवा फाशीची जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही. या चौदात माफीचे दिवस धरायचे नाहीत. या कलमाला आव्हान दिलं गेलं आणि १९८० साली मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचा घटनेने दिलेला दयेचा अधिकार मात्र त्याने कमी झाला नाही.

तर चौदाचं मूळ हे असं आहे. ज्याआधी दार उघडताच येत नाही अशी ती किमान मर्यादा आहे. चौदा वर्षं भरली म्हणजे दार उघडावंच लागतं, असं कायदा कुठेही म्हणत नाही.

महाराष्ट्रात या मर्यादेच्या वर आणखी एक चाळणी आहे. १९९२ आणि २०१० च्या शासकीय धोरणांनी जन्मठेपेच्या गुन्ह्यांची वर्गवारी केली आहे. भावनेच्या भरात झालेला खून वेगळा, आखून केलेला वेगळा, टोळीने केलेला वेगळा आणि स्त्रिया व मुलांवरचा अत्याचार वेगळा. प्रत्येक वर्गाला माफीसह किती वर्षं भोगायची हे ठरवून दिलेलं आहे. समजा एखाद्याच्या वाट्याला माफीसह बावीस वर्षं आली आणि त्याने सहा वर्षांची माफी मिळवली, तर त्याचा विचार सोळा वर्षांनी होईल. माफी दहा वर्षांची झाली तरी बारा वर्षांनी तो सुटणार नाही, कारण खाली चौदाची मर्यादा आहे.

फाशी आणि चौदा वर्षं यांच्या मधली जागा

चौदाच्या समजुतीचा परिणाम न्यायालयांवरही होत होता. एखाद्या क्रूर गुन्ह्यात फाशी टोकाची वाटावी, पण जन्मठेप दिली तर हा चौदा वर्षांनी सुटेल अशी धास्ती असावी, अशा वेळी न्यायाधीशांपुढे दोनच वाटा उरत आणि तराजू फाशीकडे झुकण्याचा धोका असे. २००८ साली स्वामी श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मधली वाट काढली. फाशी रद्द करताना न्यायालय असं सांगू शकतं की या कैद्याला माफी न देता आयुष्यभर किंवा चौदाहून अधिक ठरावीक वर्षं आत ठेवावं. डिसेंबर २०१५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने श्रीहरन खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही वाट मान्य केली. मात्र हा अधिकार फक्त उच्च न्यायालयांना आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे, सत्र न्यायालयांना नाही.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर संसदेने २०१३ साली कायदा बदलला. काही गुन्ह्यांसाठी जन्मठेप म्हणजे 'उरलेलं नैसर्गिक आयुष्य' असं कलमातच लिहिलं गेलं.

पुन्हा गुन्हा करणाऱ्याचं काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा हिंसा करणाऱ्यासाठी आपल्या कायद्यात वेगळी तरतूद आहे का? आहे, पण ती विखुरलेली आहे आणि तिचं मूळ पाहिलं की आश्चर्य वाटतं.

१८६० च्या दंड संहितेत पुनरावृत्तीला वाढीव शिक्षा देणारं सर्वसाधारण कलम होतं ७५. ते खोटी नाणी पाडणाऱ्यांना आणि मालमत्तेचे गुन्हे करणाऱ्यांना लागू होतं. चोरी, दरोडा, फसवणूक यांत आधी शिक्षा झालेला माणूस पुन्हा सापडला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतची शिक्षा देता येई. पण दोनदा कुणाचे हातपाय मोडणारा या कलमात बसत नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ मध्ये चौकट तीच राहिली आहे. जबरी चोरी आणि दरोडा मालमत्तेच्या प्रकरणात मोडतात म्हणून तेवढी हिंसा तिच्यात येते. मारहाण, गंभीर दुखापत येत नाही. अशा आरोपीचं पूर्वीचं वर्तन न्यायाधीश शिक्षा ठरवताना लक्षात घेऊ शकतात, इतकंच.

जुन्या संहितेत एक टोकाचं कलमही होतं. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, न्यायाधीशाला दुसरा पर्याय नाही. १९८३ साली मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, कारण गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हे पाहण्याची मुभाच त्यात उरत नव्हती. नव्या संहितेत या गुन्ह्याला फाशी किंवा मरेपर्यंतची जन्मठेप असे दोन पर्याय आहेत.

२०१३ च्या बदलाने ३७६-ई हे नवं कलम आणलं. बलात्काराच्या गुन्ह्यात आधी दोषी ठरलेला पुन्हा दोषी ठरला तर उरलेल्या आयुष्याची जन्मठेप किंवा फाशी. ते वापरलं गेलं मुंबईत. महालक्ष्मीजवळच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात जुलै आणि ऑगस्ट २०१३ मध्ये दोन तरुणींवर सामूहिक बलात्कार झाले. दोन्ही खटल्यांचा निकाल मार्च २०१४ मध्ये लागला. दोन्हींत समान असलेल्या तिघांवर ३७६-ई चा आरोप वाढवण्यात आला आणि ४ एप्रिल २०१४ रोजी सत्र न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली.

इथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. पुनरावृत्तीला जास्त शिक्षा का द्यायची? सर्वांत पटणारं उत्तर असं की, एकदा शिक्षा झाली, सुधारायची संधी मिळाली, तरीही माणूस वळला नाही. शक्ती मिलमध्ये मात्र दुसरा गुन्हा घडला तेव्हा पहिल्याची शिक्षा तर सोडाच, अटकही झालेली नव्हती. मग ही पुनरावृत्ती धरायची का? 'पुन्हा' हे गुन्ह्यावरून मोजायचं की दोषसिद्धीवरून, याचं उत्तर कायदा लिहितानाच नेमकेपणाने दिलं नाही तर माणसाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न शब्दार्थावर येऊन ठेपतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली हे कलम वैध ठरवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांची फाशी रद्द करून उरलेल्या नैसर्गिक आयुष्याची जन्मठेप दिली आणि पॅरोल किंवा फर्लो मिळणार नाही असंही बजावलं. आता हे कलम भारतीय न्याय संहितेत ७१ क्रमांकाने आहे.

याशिवाय महाराष्ट्रात सराईतांसाठी वेगळी हत्यारं आहेत. १९९९ चा मकोका संघटित टोळ्यांसाठी आहे. तो लावायला आधीची दोषसिद्धी लागत नाही, टोळीविरुद्ध मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. तडीपारी दोन वर्षांपर्यंत करता येते. १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. तडीपारी आणि स्थानबद्धता या शिक्षा नव्हेत. खटला तडीस जात नाही म्हणून प्रशासनाने घेतलेले ते तात्पुरते आधार आहेत आणि त्यांचा वाढता वापर न्यायव्यवस्थेच्या मंद गतीचीच साक्ष देतो.

कॅलिफोर्नियात काय घडलं?

पुनरावृत्तीवर सर्वांत धाडसी प्रयोग केला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने. १९९३ साली तिथे बारा वर्षांच्या एका मुलीला तिच्या घरातून पळवून तिचा खून झाला. खुनी आधीच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगून देखरेखीखाली, म्हणजे तिथल्या अर्थाने पॅरोलवर, सुटलेला होता. राज्यभर संतापाची लाट उसळली. मार्च १९९४ मध्ये 'थ्री स्ट्राइक्स' कायदा झाला आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांनी त्यावर मोठ्या बहुमताने शिक्कामोर्तब केलं. गंभीर किंवा हिंसक गुन्ह्यात आधी एकदा दोषी ठरलेल्याची पुढची शिक्षा दुप्पट आणि दोनदा दोषी ठरलेल्याला तिसऱ्या वेळी किमान २५ वर्षं ते जन्मठेप. त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्र सरकारने हिंसक गुन्हेगारांना शिक्षेचा किमान ८५ टक्के काळ आत ठेवणाऱ्या राज्यांना तुरुंग बांधायला पैसे द्यायला सुरुवात केली.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली चूक एका तपशिलात होती. पहिले दोन गुन्हे गंभीर किंवा हिंसक असायला हवे होते. तिसरा मात्र कोणताही मोठ्या वर्गातला गुन्हा चाले आणि आधी शिक्षा झालेल्याची साधी चोरीही त्या वर्गात टाकता येत असे. घरफोडी आणि चाकूच्या धाकाने लूट यांसाठी पूर्वी शिक्षा झालेल्या एकाने प्रत्येकी ३९९ डॉलरच्या तीन गोल्फच्या काठ्या चोरल्या. त्याला २५ वर्षं ते जन्मठेप झाली. दुसऱ्या एकाने साधारण दीडशे डॉलरच्या व्हिडिओ कॅसेट चोरल्या. त्याला किमान ५० वर्षं. २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही शिक्षा पाच विरुद्ध चार अशा बहुमताने टिकवल्या.

तुरुंग मात्र भरत राहिले. याला हा एकच कायदा कारण नव्हता, पण सुमारे ऐंशी हजारांसाठी बांधलेल्या तुरुंगांत जवळपास दुप्पट माणसं कोंबली गेली. औषधोपचाराअभावी कैदी मरू लागले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश कायम केला. पुढच्याच वर्षी मतदारांनी आपलाच कायदा दुरुस्त केला. काही अपवाद सोडता तिसरा गुन्हाही गंभीर किंवा हिंसक असला तरच मोठी शिक्षा. कडक शिक्षेची कल्पना त्यांनी सोडली नाही. ती कुणाला लावायची याची रेघ त्यांनी नीट ओढली, आणि ती तशी ओढेपर्यंत अठरा वर्षं गेली.

लांब शिक्षेने काय साधतं?

शिक्षा लांबवण्यामागे दोन अपेक्षा असतात, अटकाव आणि धाक. दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

अटकाव म्हणजे माणूस आत असेपर्यंत बाहेरच्या कुणाला इजा करू शकत नाही. हे निर्विवाद आहे आणि जो खरोखरच धोकादायक आहे त्याच्या बाबतीत मोलाचंही आहे. पण हा लाभ वयाबरोबर घटतो. हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण किशोरवयाच्या अखेरीपासून विशीपर्यंत सर्वाधिक असतं आणि तिशी-चाळिशीनंतर झपाट्याने उतरतं, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पंचविशीतल्या सराईताला आत ठेवलेली दहा वर्षं आणि त्याच माणसाची पासष्टीपासून पंचाहत्तरीपर्यंतची दहा वर्षं समाजाला सारखीच सुरक्षितता देत नाहीत.

धाकाचं गणित वेगळं आहे. इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ सालीच मांडलं की गुन्ह्याला आवर बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तिच्या खात्रीने. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा २०१४ चा अहवालही याच दिशेला जातो. आधीच लांब असलेली शिक्षा आणखी लांबवल्याने धाक फारसा वाढत नाही. हातात कोयता घेऊन निघालेला तरुण पंधरा वर्षं की पंचवीस हा हिशेब करत नाही. आपण सापडणारच नाही किंवा साक्षीदार फुटतील, खटला रेंगाळेल, असं तो धरून चालतो.

आपल्या देशाचे आकडे त्याचं हे गृहीतक मोडत नाहीत. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातली तीन. एवढ्या जागा निकालाची वाट पाहणाऱ्यांनी व्यापलेल्या असताना सिद्ध झालेल्या हिंसक गुन्हेगाराला जास्त काळ ठेवायचं कुठे आणि त्याच्याकडे नीट लक्ष कोण देणार, हा प्रश्न राहतोच.

दार उघडण्याचा निर्णय कोणाचा?

किमान मर्यादा कितीही वर नेली तरी मरेपर्यंतच्या शिक्षा सोडल्या तर एक दिवस कुणालातरी ठरवावं लागतं की या कैद्याला सोडायचं का. त्या निर्णयाचा कस सर्वांत महत्त्वाचा. कायदा सांगतो की ज्या राज्यात शिक्षा झाली त्या राज्याच्या सरकारने हा निर्णय घ्यायचा आणि त्यासाठी शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या न्यायाधीशांचं सकारण मत मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नस्कर खटल्यात विचारायचे प्रश्न घालून दिले आहेत. गुन्ह्याचा घाव एका व्यक्तीपुरता होता की समाजावर? हा पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता आहे का? त्याची ती क्षमता उरली आहे का? त्याला आत ठेवून काही साधणार आहे का? त्याच्या कुटुंबाची परिस्थिती काय?

हे प्रश्न गांभीर्याने विचारले नाहीत तर काय होतं ते बिल्किस बानो प्रकरणात देशाने पाहिलं. २००२ च्या दंगलीतला सामूहिक बलात्काराचा आणि खुनांचा हा गुन्हा गुजरातमधला, पण खटला महाराष्ट्रात हलवला गेला आणि २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांना सोडलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली असल्याने हा निर्णय घेण्याचा अधिकारच गुजरातला नव्हता. अकराही जणांना तुरुंगात परतावं लागलं. या प्रकरणात शिक्षा पुरेशी लांब होती. ढासळलं ते सुटकेच्या निर्णयाच्या टप्प्यावर.

थोडक्यात

• जन्मठेप म्हणजे कायद्याने उरलेलं संपूर्ण आयुष्य. तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे मोजत नाहीत.
• चौदा वर्षं ही गंभीर गुन्ह्यांत सुटकेचा विचार करण्याआधीची किमान मर्यादा आहे. ती १९७८ साली आली.
• मुदतीच्या शिक्षेतून खटल्यादरम्यानचा तुरुंगवास आणि माफी वजा होते. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे नाही.
• २००८ आणि २०१५ च्या निकालांमुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना माफीविना दीर्घ शिक्षा देता येते.
• पुनरावृत्तीच्या तरतुदी विखुरलेल्या आहेत. सर्वसाधारण कलम नाण्यांच्या आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरतं आहे.

कडक करायचं असेल तर कुठे?

हिंसा पुन्हा पुन्हा करणाऱ्याला जास्त काळ आत ठेवावं ही मागणी चुकीची नाही. ज्यांच्यावर घाला पडला त्यांना सुरक्षित वाटण्याचा हक्क आहे आणि त्या हक्कासाठी कायद्याने कठोर व्हायलाच हवं. पण 'शिक्षा वाढवा' हे तीन-चार वेगवेगळ्या मागण्यांचं गाठोडं आहे, ते सोडवून पाहायला हवं.

पहिलं काम व्याख्येचं. आपल्या संहितेत शारीरिक हिंसेच्या पुनरावृत्तीला नेमकं कलम नाही. ते आणायचं तर कॅलिफोर्नियाचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवून आणावं. आधीचे आणि नंतरचे दोन्ही गुन्हे हिंसक असावेत, पहिल्याची दोषसिद्धी झालेली असावी आणि न्यायाधीशाला परिस्थिती पाहण्याची मुभा असावी.

दुसरं काम नोंदींचं. वाढीव शिक्षा हवी असेल तर पूर्वीची दोषसिद्धी आरोपात नमूद करून सिद्ध करावी लागते. आरोपीला दुसऱ्या जिल्ह्यात झालेली जुनी शिक्षा सरकारी वकिलापर्यंत पोचलीच नाही, तर कितीही कडक कलम कागदावरच राहतं.

तिसरं काम खटल्यांच्या गतीचं. पहिल्या हल्ल्याचा निकाल वर्षभरात लागला तर दुसऱ्या हल्ल्याला मोकळीक मिळत नाही आणि निर्दोष असलेलाही लवकर मोकळा होतो. धाक निर्माण करणारी खात्री इथेच तयार होते.

चौथं काम सुटकेच्या निर्णयाचं. तो लेखी, सकारण आणि पीडितांचं म्हणणं ऐकून झालेला असावा, सणावारी घाऊक पद्धतीने होऊ नये. सुटलेल्यावर पुढची काही वर्षं देखरेख असावी आणि त्याला कामधंद्याचा आधारही मिळावा, कारण रिकाम्या हाताने जुन्या वस्तीत परतलेला माणूस जुन्या संगतीतच सापडतो.

नवा कडक कायदा जाहीर व्हायला एक अधिवेशन पुरतं. ही चार कामं वर्षानुवर्षं, पैसे खर्चून आणि फारसं श्रेय न मिळता करावी लागतात. पण हिंसेचा पुढचा बळी वाचतो तो त्यांनीच. म्हणून पुढच्या वेळी कुणी शिक्षा वाढवण्याचं आश्वासन देईल तेव्हा वर्षांच्या आकड्यावर न थांबता तीन प्रश्न विचारू या. ही वाढीव शिक्षा नेमकी कुणाला लागू होणार? पहिल्या गुन्ह्याचा निकाल किती दिवसांत लागणार? आणि सुटकेचा निर्णय कोण, कोणत्या कसोटीवर घेणार? या तिन्हींची उत्तरं मिळाली तरच तो कायदा आपल्या सुरक्षिततेसाठी आहे असं समजायला हरकत नाही.